निळ्या चपलेची टाच

"यल्ला, उतरा! आणखी एकच दुकान!" अब्बा म्हणाले.

मागच्या सीटवरून कोणीही हललं नाही. सुमैयाने डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. तिचा धाकटा भाऊ जियाद खरोखरच झोपला होता. आणि शेजारच्या फ्लॅटमधली मालविका, जी "घरी बसून बोअर होण्यापेक्षा येते तुमच्याबरोबर" असं म्हणून मोठ्या हौसेने आली होती, ती आता आपल्याला कुठून ही अवदसा आठवली म्हणून कपाळाला हात लावून बसली होती.

"अंकल, हे चौथं 'एकच' आहे," ती म्हणाली.

"मग? फिरल्याशिवाय कळतं का कुठे स्वस्त आहे ते!"

बाहेर दोह्यातली जुलैची संध्याकाळ अशी तापली होती की गाडीच्या दाराला हात लावायची सोय नव्हती. गाडीचा एसी तर केव्हाच हात टेकून बसला होता. अब्बांच्या कंपनीकडून गावी जायचं तिकीट एक वर्षाआड मिळायचं आणि हे वर्ष आडातलं होतं. वर्गातली अर्धी मुलं रत्नागिरीत, केरळात आंबे खात होती. सुमैयाची सुट्टी मात्र दुकानांच्या पार्किंगमध्ये चालली होती.

तसं अब्बांचं हे वेड जुनंच. तांदूळ एका दुकानातून, तेल दुसऱ्यातून, दूध पावडर तिसऱ्यातून. शुक्रवारी जाहिरातींची पत्रकं आली की ते ती जमिनीवर पसरून तासन्‌तास भाव ताडून बघत. अर्धा रियाल वाचला तरी त्यांचा चेहरा असा फुलायचा की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. एरवी कुणाची त्याला हरकत नव्हती. पण यंदा त्यांनी एक घोटाळा करून ठेवला होता. घरातलं वॉशिंग मशीन ठक-ठक आवाज करतं म्हणून ते चाळीस रियालला भंगारात काढलं आणि नवं घ्यायच्या आधी स्वस्तात स्वस्त मशीन कुठे मिळतं याचा शोध सुरू केला. त्याला आता तीन आठवडे झाले होते.

त्या रात्री सगळे जेवायला बसले. सुरमईचं कालवण होतं. अम्मीने भात वाढून घेतला आणि हातात चमचा घेतला.

सुमैया बघतच राहिली. अम्मी, आणि कालवण-भात चमच्याने? पाहुणे आले तरी जिने कधी चमच्याला हात लावला नाही, ती अम्मी?

"आज काटे फार आहेत काय?" तिने विचारलं.

"जेव गो गप," अम्मी म्हणाली.

जेवणं झाल्यावर सुमैया तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली आणि तिने सरळ अम्मीचा हात धरून उलटा केला. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या. दोन ठिकाणी रक्त सुकलं होतं. चौघांचे कपडे, चादरी, अब्बांचे ऑफिसचे शर्ट, सगळं बाथटबपाशी गुडघ्यांवर बसून साबणाच्या पाण्यात घासायचं, रोज. अशा बोटांना तिखट लागलं की कसं झोंबत असेल! सुमैयाला एकदम रडूच आलं.

"अब्बांना सांग ना!"

"नको. आणि तूही सांगायचं नाहीस, कळलं? तेही दमतातच की. आपल्यासाठीच वणवण करतायत." अम्मीने हात सोडवून घेतला. "मिळेल इन्शाल्ला एक-दोन दिवसांत."

आणि खरंच, दुसऱ्या दिवशी गुरुवारी अब्बा नाचतच घरी आले.

"खलास! मिळालं! जुन्या सामानाच्या बाजारात. गोऱ्या साहेबाच्या घरातलं, जवळजवळ नवंच! सगळ्या दुकानांत जे हजाराला आहे ते साडेतीनशेला! पन्नास बयाणा देऊन आलो. चला, दाखवतो!"

पुन्हा गाडी. पुन्हा मागची सीट. मालविका "मी आता कंटाळून मरायलाच येते" म्हणत आलीच.

बाजारात फ्रिज, पलंग, सोफे, पंखे यांच्या रांगा धूळ खात उभ्या होत्या. खलीलभाईच्या दुकानापुढे एक पांढरंशुभ्र मशीन चमकत होतं.

"ले लो इब्राहीमभाई, ऐसा माल दोबारा नहीं आएगा!" खलीलभाई हसून म्हणाला. "साहब की मॅडम ने मुश्किल से दस बार चलाया होगा!"

अब्बा मशीनभोवती कौतुकाने फिरत होते. जियाद मात्र नेहमीसारखा कंटाळून जमिनीवर फतकल मारून बसला होता. अचानक त्याने सुमैयाचा कुर्ता ओढला.

"आपा! खाली बघ! माझी चप्पल!"

सुमैया वाकली. मशीनच्या मागच्या एका पायाखाली रबराचा तुकडा होता. त्यावरही पांढरा रंग मारलेला होता, पण खालच्या कडेने निळं रबर दिसत होतं.

मागच्या वर्षी आपल्या मशीनचा एक पाय तुटला, तेव्हा पैसे घालवायचे नाहीत म्हणून अब्बांनी भाजीच्या सुरीने जियादच्या निळ्या स्लिपरची टाच कापून तिथे चिकटवली होती. जियाद दोन दिवस रुसला होता!

"अगं, म्हणजे अंकल स्वतःचंच मशीन परत विकत घेतायत?" मालविका कुजबुजली. "ओह गॉड!"

"अब्बा..." सुमैयाने सुरुवात केली.

"मध्ये बोलू नको, भाव चाललाय!"

झालं! अब्बांनी किंमत पाहिली होती, मशीन कुठे पाहिलं होतं? आणि नुसत्या निळ्या रबरावर कोण विश्वास ठेवणार? तसल्या चपला अख्ख्या दोह्यात लोकांच्या पायात होत्या.

"पुरावा पाहिजे," उद्या पिकअप आणायचं ठरवून सगळे परत निघाले तेव्हा सुमैया हळूच म्हणाली. "अब्बा काही टाकून देत नाहीत. टाच कापलेली चप्पल घरात असणारच!"

घरी अब्बांची एक पेटी होती. 'कामाला येईल' म्हणून ठेवलेलं सगळं तिच्यात. तुटक्या प्लगांच्या, डब्यांच्या झाकणांच्या आणि कसल्या कसल्या वायरींच्या खाली ती सापडली. टाच नसलेली निळी स्लिपर! सुरी बोथट होती, त्यामुळे काप वेडावाकडा, मध्येच दातरे पडलेला.

"आता माझं ऐका," सुमैया म्हणाली.

शुक्रवारी नमाजानंतर सगळे पुन्हा बाजारात पोहोचले. पिकअप उभी होती. अब्बांनी खिशातून पैसे काढले. तेवढ्यात जियादने पिशवीतली चप्पल जमिनीवर टाकली आणि अशी लाथ मारली की ती थेट मशीनखाली!

"माझी चप्पल! माझी चप्पल आत गेली!" त्याने भोकाड पसरलं. शाळेच्या नाटकात त्याला कधी झाडापलीकडे काम मिळालं नव्हतं, पण आज तो भलताच रंगला होता.

"अरे, रो मत बाबा!" गिऱ्हाईक पैसे मोजत असताना रडारड कुणाला हवी? खलीलभाईने स्वतः मशीन कलतं केलं. "ले, निकाल ले!"

सुमैयाने चप्पल काढली, पण ती उठली नाही. तिने चपलेची कापलेली कड पायाखालच्या तुकड्याला टेकवली. दातऱ्यात दातरा बसला. टाचेसकट पुरी चप्पल तयार!

"अब्बा, आता बघा!"

अब्बा वाकले. बराच वेळ वाकूनच राहिले. मग त्यांनी बोटाने तो काप चाचपला. स्वतःच्या हातचा काप माणूस ओळखतोच.

"हे... हे आपलं..."

"आपलंच! चाळीसला विकलेलं!"

खलीलभाईचा चेहरा उतरला. "अरे, मैंने भी भंगारवाले से लिया है! बेल्ट नया डाला, कलर किया..."

"और गोरे साहब की मॅडम?" मालविकाने कमरेवर हात ठेवून विचारलं. "खलीलभाई, हमारी बिल्डिंग में सब लोग इधरसेही सामान लेते हैं. मैं आज शाम को सबको यह स्टोरी बताऊँ?"

आजूबाजूची चार गिऱ्हाइकं वळून बघायला लागली होती. खलीलभाईने मुलांकडे पाहिलं, चपलेकडे पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

"खलास! बयाणा रख लिया, मशीन ले जाओ! बस, चिल्लाओ मत!"

गाडीत बसल्यावर अब्बांनी खिशातले पैसे पुन्हा मोजले. मग एकदम हसायला लागले. "चाळीस आले, पन्नास गेले. दहा रियालात नवा बेल्ट आणि रंग! अख्ख्या दोह्यात एवढा स्वस्त सौदा कुणी केला नसेल! शाबास रे पोरांनो! मी तीन आठवडे फिरलो आणि तुम्ही बसल्या जागी जिंकलात!"

मुलं खूश झाली, पण फार हसायचंही त्राण कुणात उरलं नव्हतं.

रात्री मशीन न ठकठकता घरघरत होतं. सगळे जेवायला बसले. अब्बांनी मशीनची कहाणी तिसऱ्यांदा सांगायला घेतली आणि मध्येच थांबले.

"जैतून, तू चमच्याने का जेवतेस?"

अम्मीने जियादला आणखी भात वाढला. सुमैयाला सांगायची बंदी होती. तिने फक्त अम्मीचा हात धरला आणि दिव्याखाली उलटा केला.

अब्बांचा घास हातातच राहिला. ते त्या बोटांकडे बघत होते. तीन आठवडे त्यांनी गावातल्या यच्चयावत दुकानांत डोळे फाडून बघितलं होतं. घरातलं तेवढं बघायचं राहिलं होतं.

ते उठले, हात धुतले आणि चपला घालून खाली गेले. खालच्या मेडिकलमधून मलमाची ट्यूब घेऊन लगेच वर आले. त्यांच्या अल सद्द भागातलं सगळ्यात महागडं म्हणून ज्याच्या पायरीवरही ते कधी चढले नव्हते, तेच हे दुकान.

"कितीला मिळालं, अब्बा?" जियादने विचारलं.

"विचारलं नाही," अब्बा म्हणाले.

जियाद तोंड उघडं टाकून बघत राहिला. मालविका उद्या ऐकेल तेव्हा तिचाही विश्वास बसणार नव्हता.

"अहो, न विचारता घेतलंत?" अम्मी म्हणाली. "मागच्या गल्लीत निम्म्या किमतीत मिळतं!"

"मिळू दे," अब्बा म्हणाले आणि ट्यूबचं झाकण उघडून तिच्यापुढे खाली बसले. "हात कर पुढे."

अम्मीने चमचा बाजूला ठेवला आणि हात पुढे केला.