डोहाचं नाव विचारायचं नाही

कासलिना नदीवर किंग सामनची मासेमारी चालू ठेवायची की बंद करायची, हे शुक्रवारी ठरणार होतं. त्यासाठी मत्स्यखात्याच्या हातात दोन आकडे होते आणि ते एकमेकांशी भांडत होते. नदीच्या मुखाशी पाण्यात बसवलेलं, मासे मोजणारं यंत्र म्हणत होतं, या उन्हाळ्यात मासे समुद्रातून वर चढलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. आणि धक्क्यावर उतरणाऱ्या हौशी मासेमारांना मी रोज विचारत होते, किती वेळ गळ टाकून बसलात, किती मासे लागले. तर त्यांच्या उत्तरांवरून वाटत होतं, नदी माशांनी ओसंडून वाहतेय!

दोन्ही खरं असणार कसं? शेवटी खात्याने ठरवलं, मोजणीवाले जिथे कधी जात नाहीत त्या वरच्या घळीतून एकदा खाली यायचं. घळीच्या वर विमानाने येऊन तंबू टाकणाऱ्या गळकऱ्यांना विचारायचं. त्यांनाही मासे लागत असतील, तर नदी चालू.

मला ती चालूच राहायला हवी होती. माझे वडील हाल्वर या नदीवरचे सगळ्यात जुने वाटाडे. गिऱ्हाइकांना होडीतून न्यायचं, किंग दाखवायचा, संध्याकाळी परत आणायचं. याशिवाय त्यांनी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही. आई गेल्यावर तर नदी हेच त्यांचं घर झालं होतं. ती बंद झाली तर या वयात हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे?

आणि घळीतून नाव सुखरूप खाली आणू शकेल असा नावाडीही तोच एक होता.

"मुलगी मोजणार आणि बाप वल्ही मारणार. लोक काय म्हणतील?" मी साहेबांना विचारलं.

"घळीत बुडालीस तर काय म्हणतील?" साहेब म्हणाले.

तर आम्ही तिघं निघालो. मी, पप्पा आणि खात्यातली माझी जोडीदार व्हर्ना. ती नदीच्या मुखाजवळच्या गावातली, त्लिंगिट या इथल्या मूळ जमातीची. तिच्या घरी हिवाळाभर धुरावलेला सामन पुरायचा. यंदा धुराची खोली रिकामीच होती. माझी तूवा आठ महिन्यांची. तिला कोल्बीजवळ, माझ्या नवऱ्याजवळ, धक्क्यावरच्या तंबूत ठेवलं. बाटलीनं दूध कसं द्यायचं, हे मी त्याला इतक्या वेळा सांगितलं की तो म्हणाला, "सिग्ने, तू मोजणीला चालली आहेस की चंद्रावर?"

विमानाने आम्हाला वरच्या सरोवरात उतरवलं. इंजिनाचा आवाज डोंगरापलीकडे विरला आणि पाठोपाठ डासांचा सुरू झाला. पप्पा रबरी नाव फुगवत होता. मी तिघांच्या लाईफ जॅकेटचे पट्टे ओढून पाहिले. पुन्हा पाहिले.

"आता माझ्याही बाटलीतलं दूध चाखून बघ, फार गरम नाही ना," व्हर्ना म्हणाली.

पहिल्याच वळणावर पप्पाच्या कपाळाला आठी पडली. पाणी फारच उतरलं होतं. डोंगरावरचा बर्फ यंदा लवकर संपला होता, आणि जुलैतली ती नदी, जिच्यात हात घातला की हाडं दुखायला हवीत, ती चक्क कोमट लागत होती! जागोजागी नाव दगडांवर चढून बसायची. मग तिघांनी उतरायचं, ढकलायचं, पुन्हा चढायचं. शेवाळलेल्या दगडांवरून घसरत, शिव्या देत आम्ही पुढे सरकत होतो. संध्याकाळी एका वाळूच्या पट्टीवर थांबलो. मी जरा बाजूला गेले. छाती दगडासारखी झाली होती. दूध पिळून नदीत टाकलं. पांढरी रेघ क्षणभर पाण्यावर दिसली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी तंबूंच्या जागा लागल्या. पहिली रिकामी. दुसरीही. चुलीतली राख थंड, दोऱ्या सोडलेल्या, चिखलात फक्त अस्वलाची पावलं. आणि तीही नदीकडे येऊन तशीच परत वळलेली! अस्वलानेसुद्धा आशा सोडली होती. पप्पा प्रत्येक डोहापाशी नाव थांबवायचा, उभा राहायचा, डोळ्यांवर हाताची सावली धरून पाण्यात बघायचा. स्वच्छ, हिरवं, तळापर्यंत दिसणारं पाणी. त्यात काहीच नाही.

"इथे तुझ्या जन्माच्या वर्षी पाय ठेवायला जागा नव्हती," तो म्हणाला. पुढच्या डोहाशी काहीच म्हणाला नाही. त्याच्या पुढच्या डोहाशी तो उभाही राहिला नाही.

"मासे नाहीत, म्हणून माणसं नाहीत," व्हर्ना वही मिटत म्हणाली. "पण माणसंच नाहीत तर आपण विचारणार कोणाला? तासाला किती मासे लागले, हे काढणार कसं? साहेब लिहितील, वरच्या भागाची माहिती मिळाली नाही, खालच्या भागात उत्तम. नदी चालू!"

खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. मी पप्पाकडे पाहिलं. त्याला आनंद व्हायला हवा होता. तो वल्ह्याच्या मुठीकडे बघत बसला होता.

मग घळ आली.

दोन्ही बाजूंनी काळे कडे जवळ आले, आभाळाची पट्टी झाली, आणि सबंध दिवस रेंगाळणारी नदी एकाएकी धावत सुटली. एरवी इथे पाणी भरपूर असतं, नाव सगळ्या दगडांवरून अलगद जाते. यंदा दगडांचे दात बाहेर आले होते. पप्पा उभ्यानं वल्ही मारत होता. डावीकडे! मागे! पुन्हा डावीकडे! वळण घेतलं आणि तो किंचाळला,

"ओंडके!"

नदीभर आडवे पडलेले झाडांचे बुंधे! पाणी त्यांच्यावरून नाही, खालून जात होतं. वळायला जागा नव्हती. नाव आडवी झाली. आदळली. वरच्या बाजूने पाणी आत घुसलं आणि व्हर्ना गेली!

नाही, गेली नव्हती. एक हात नावेच्या दोरीला होता. बाकीची ती पाण्यात, पाय ओंडक्यांखाली ओढले जात होते. पप्पाने वल्हं सोडलं आणि तिच्या जॅकेटचा खांदा धरला. सुटलेलं वल्हं उसळून त्याच्या बरगड्यांवर बसलं. मला आवाज ऐकू आला. त्याने हात सोडला नाही.

"सामान काप!" तो ओरडला. "सिग्ने! सामान!"

मी हलेना. माझ्या डोळ्यांसमोर तूवाची बाटली होती. कोल्बीला बाटलीचं बूच नीट लावता येत नाही, एवढंच डोक्यात येत होतं.

"सिग्ने!"

चाकू काढला. पहिली दोरी कापली. दुसरी. नाव आणखी कलली. तिसरी दोरी तुटली आणि अन्नाची पेटी, तंबू, सगळं घसरून ओंडक्यांखाली गेलं. हलकी झालेली नाव गरकन फिरली, एका बुंध्याच्या टोकावरून खरवडत निघाली आणि कड्यालगतच्या फटीतून खाली फेकली गेली! मी आणि पप्पाने मिळून व्हर्नाला आत ओढलं. ती नावेच्या तळाशी पालथी पडून पाणी ओकत होती.

मी मागे वळून पाहत राहिले. ओंडक्यांखाली गेलेली पेटी पलीकडे आलीच नाही.

खोकला थांबल्यावर व्हर्ना उठून बसली. "म्हाताऱ्या, तू माझं जॅकेट फाडलंस."

"नवीन देईन," पप्पा म्हणाला. श्वास घेताना त्याचा चेहरा वेडावाकडा होत होता.

आता वल्हं एकच होतं, खायला काही नव्हतं, पण घळ संपली होती. पुढे नदी पसरट होते आणि एका मोठ्या बेटाशी तिचे दोन फाटे होतात. उजवा रुंद आणि सरळ. त्यातून निघालं की थेट धक्का, थेट तूवा! डावा अरुंद, दगडांचा, तिकडे कोणी जात नाही. निदान मला तसं वाटत होतं.

पप्पाने एकच वल्हं खुपसलं आणि नावेचं तोंड डावीकडे फिरवलं.

"पप्पा! उजवीकडे!"

तो वल्हं ओढतच राहिला. प्रत्येक ओढीबरोबर त्याच्या तोंडून कण्हणं निघत होतं.

"पप्पा, काय करतोयस? बरगडी मोडलीय तुझी! दे ते वल्हं!"

"बस खाली," तो म्हणाला.

वाळुंजाच्या झुडपांमागून आधी हसण्याचे आवाज आले. मग मोटरच्या पेट्रोलचा वास. आणि वळण ओलांडल्यावर दिसलं ते असं: डाव्या काठाने एक काळाशार ओढा नदीत येत होता, त्याच्या तोंडाशी एक डोह, आणि डोहाभोवती होड्यांना होड्या चिकटलेल्या! प्रत्येक होडीत गळाच्या वाकलेल्या काठ्या! आणि पाण्यात मासे. अगणित मासे! लालसर काळ्या पाठी एकमेकींना लागून, थरावर थर.

"आहेत!" मी ओरडले. "पप्पा, आहेत! व्हर्ना, बघ!"

पप्पा पाण्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

"ए हाल्वर!" रस्टी नावाचा दुसरा एक वाटाड्या होडीतून ओरडला. "लाज आहे का? मोजणीवाल्यांना इथे आणलंस? पोरीला हुंड्यात दिलास का डोह?"

दोघं-चौघं हसले. बाकीच्यांनी माना फिरवल्या. एकेक चेहरा मी ओळखत होते. सगळ्या उन्हाळ्यात धक्क्यावर मी यांनाच तर विचारलं होतं. हा आपणहून म्हणाला होता, वरच्या पट्ट्यात मिळाले. तो म्हणाला होता, मधल्या. ती दोघं म्हणाली होती, पार खाली, पुलाजवळ. मी तसं लिहून घेतलं होतं. कारण आमच्याकडे गळकऱ्याला वेळ विचारतात, मासे विचारतात, पण डोहाचं नाव विचारत नाहीत. ते विचारणं म्हणजे एखाद्याच्या घरात शिरून कपाट उघडण्यासारखं. चालायला लागले तेव्हापासून पप्पानेच मला हे शिकवलं होतं.

मी नदीत थर्मामीटर सोडला. मग ओढ्याच्या तोंडाशी. तिथे पाणी इतकं थंड होतं की बोटं बधिर झाली. तेव्हा कुठे मला कळलं. कोमट पाण्यात सामन गुदमरतो; साऱ्या नदीत त्याला श्वास घेता येईल अशी ही एकच जागा उरली होती. नदीत होते नव्हते तेवढे सगळे किंग इथे येऊन दडले होते. आणि सगळी माणसं त्यांच्यामागे.

रस्टीच्या गिऱ्हाइकाने एक मोठी मादी काठाशी आणली. मोठ्या माद्या सोडायच्या असा नियम आहे, त्याने सोडली. मी तिचा जबडा पाहिला. गळाची एक ताजी जखम. तिच्याशेजारी दुसरी. वर आणखी एक, कडा पांढऱ्या पडलेली. हिला किती जणांनी पकडून सोडलं होतं? मी किती वेळा मोजली होती? डोहाच्या खालच्या टोकाशी, उथळ पाण्यात, पोटात अंडी तशीच असलेल्या माद्या तळाशी मरून आडव्या पडल्या होत्या.

"पप्पा," मी म्हटलं, "तुझी या महिन्यातली गिऱ्हाइकं..."

"इथेच."

"सगळी?"

"मला वाटलं, वर आणखी असतील." तो वल्ह्यावर रेलला. "दरवर्षी असतात. मला वाटलं, हे थोडे इथे थांबलेत, बाकीचे घळीच्या वर गेले. तिकडे गिऱ्हाइकं घेऊन कोणी वाटाड्या जात नाही, म्हणून कोणी पाहिलं नाही. सिग्ने, मला खरंच वाटलं."

"उजव्या फाट्याने गेलो असतो, तर मला कळलंच नसतं."

"हो."

सोडलेली मादी कलंडून पोट वर करत होती. पप्पा कुशीवर हात दाबत पाण्यात उतरला. दोन्ही हातांनी तिला धरलं, तोंड प्रवाहाकडे केलं, हळूहळू पुढे-मागे हलवत राहिला. होड्यांतले आवाज थांबले. रस्टीने गळ गुंडाळला. मग शेजारच्याने. पप्पा कंबरभर बर्फासारख्या पाण्यात उभा, ओठ निळे पडलेले.

"बाहेर ये, पप्पा. पुरे."

"थांब. कल्ले हलताहेत तिचे."

ते हलत होते. मग कमी हलले. मग नाही हलले. तरी तो तिला धरून उभा होता. शेवटी व्हर्ना उतरली, तिने त्याच्या हातांवर हात ठेवले आणि मासा काढून घेतला. आपल्या भाषेत तिने त्या माशाला काहीतरी म्हटलं. आम्हाला नाही.

काठावर बसल्यावर तो म्हणाला, "विचार मला."

"काय?"

"तेच, सगळ्यांना विचारतेस ते. मीही गळ टाकलाय या नदीवर."

मी विचारलं. त्याने तास सांगितले. मासे सांगितले. मग मी थांबले. पुढचा प्रश्न आमच्याकडे नाहीच.

"तोही विचार," तो म्हणाला.

"कुठे?" मी विचारलं.

त्याने सांगितलं. नुसतं नाव नाही. बेट, डावा फाटा, ओढा, सगळं, मला नीट लिहून घेता येईल इतकं सावकाश. होडीत बसलेला रस्टी ते ऐकत होता आणि त्याने या खेपेला काही टोमणा मारला नाही.

रस्टीनेच आम्हाला होडीमागे बांधून धक्क्यावर आणलं. नदी बंद झाल्याचं रेडिओने शुक्रवारी सांगितलं, पण धक्क्यावर उतरताना आम्हा सगळ्यांनाच ते माहीत होतं.

कोल्बी तूवाला घेऊन काठावर उभा होता. तिने मला पाहिलं आणि तिला जे रडू फुटलं! मी धावले. ओल्या कपड्यांनीच तिला छातीशी घेतलं; ती हावऱ्यासारखी तुटून पडली, आणि मी तिचे हात, पाय, डोकं, सगळं चाचपून पाहत राहिले. सगळं जागच्या जागी होतं.

"पप्पा, घे हिला," मी म्हटलं. एरवी तो माझ्या हातून तिला हिसकावूनच घेतो. "डॉक्टर येईपर्यंत बस इथे, घे."

त्याने हात पुढे केले, आणि तसेच मागे घेतले. तळव्यांना अजून त्या मादीचा बुळबुळीतपणा होता.

"हात धुऊन येतो," तो म्हणाला.

धक्क्याच्या टोकाला हातपंप आहे, तिथे तो गेला. एका हाताने दांडा दाबायचा, मग दोन्ही हात धारेखाली धरायचे, पुन्हा दांडा दाबायचा. तूवाचं पिऊन झालं, ती माझ्या खांद्यावर झोपूनही गेली. पंपाचा आवाज चालूच होता.