टेकडीवरची हाक

दार लावून घ्या रे, वारा आत येतोय. हसताय काय? हसा. जेर्वेही हसायचा. माझा मावसभाऊ तो. मला खोटं सांगून त्याला काय मिळणार होतं?

आपल्या टेकडीवर रोमनांच्याही आधीचा, गॉल लोकांचा किल्ला आहे ना, त्याचा तो राखणदार. बघायला आलेली शेवटची माणसं खाली उतरवायची, फाटकाला कुलूप घालायचं, एवढंच काम. ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार होता. ज्या रात्री हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतात, ती रात्र. वर ओदिलों गवंडी एकटाच तटाचे ढासळलेले दगड बसवत होता.

ओदिलोंला तुम्ही ऐकलं नाहीत. गावात असा गळा कुणाचा नव्हता. लग्न असो की मयत, गाणं त्याचंच. दुपारी जेर्वे त्याच्यासाठी पाव आणि सॉसेज घेऊन वर गेला, तर हा किल्ल्याच्या वेशीतल्या त्या खांबापाशी. तोच, ज्याच्यात शत्रूंची मुंडकी ठेवायला खोबण्या कोरल्यात. ओदिलोंने एकीत खुशाल डोकं घातलं.

"बघ, कसं मापात बसतंय! माझ्यासाठीच कोरलीय."

"बाहेर काढ ते, गाढवा. असली थट्टा नको."

"अरे, दोन हजार वर्षं रिकामी आहे बिचारी!" आणि तिथूनच त्याने एक तान मारली.

जेर्वे सांगायचा, त्या तानेचा पडसाद आला नाही. एरवी तिथे शिंकलं तरी दरी परत शिंकते.

अंधार पडला तरी ओदिलों उतरेना. जेर्वे बॅटरी घेऊन त्याला आणायला निघाला. अर्ध्या वाटेवरून हाक मारली.

"ओदिलोंऽऽ! चल, रोझीन वाट बघत असेल!"

"आलो, आलो!" वरून आवाज आला. ओदिलोंचाच.

जेर्वे थांबला. कुणी आलं नाही.

"येतोस ना रे?"

"तूच ये वर. जरा हात दे."

तो चढू लागला, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. ओदिलोंची बायको, रोझीन.

"जेर्वे, आज वर काय झालं? हा केव्हाचा येऊन बसलाय. सूपला हात लावत नाही. विचारलं तर नुसते ओठ हलवतो... आवाजच निघत नाही."

"कोण बसलाय?"

"कोण म्हणजे? ओदिलों. हा काय, माझ्यासमोर."

फोन कानालाच राहिला. बॅटरी वर मारायचं धाडस होईना.

"जेर्वे..." आता जवळून. "कुणाशी बोलतोस?"



वारा पडला होता. पान हलत नव्हतं.

"जेर्वे... मला इथे टाकून जाऊ नकोस रे."

त्या आवाजात रडू होतं. ओदिलोंचं खरं रडू. आईच्या मयतीला रडला होता, तसंच. जेर्वेला राहवेना. त्याने एक पाय वर टाकलाही.

मग दुसरा आवाज आला. मग तिसरा. म्हातारे, तरणे, कुठल्या बोलीतले कोण जाणे. हळू. सगळे मिळून एकच शब्द म्हणत होते...

जेर्वे.

तो पळाला. फाटक उघडंच टाकून पळाला. पुन्हा कधी टेकडी चढला नाही.

ओदिलों त्यानंतर बरीच वर्षं जगला. दगड फोडायचा, पत्ते खेळायचा. तोंडातून मात्र शब्द नाही. शहरातल्या डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. म्हणाले, घसा पोरासारखा निरोगी आहे.

गेल्या वसंतात तो गेला. रोझीनने जेर्वेला आणि मला बोलावलं, त्याचे कपडे बदलायला. गळ्याला मफलर होता. उन्हाळ्यातही तो काढत नसे म्हणे, झोपतानासुद्धा नाही.

जेर्वेने गाठ सोडली...

मानेभोवती एक रेघ होती. दोऱ्याएवढी बारीक. पुढून मागे, सलग. कातडी कुठे फाटलेली नव्हती. जखम नाही, व्रण नाही. नुसती रेघ.

आम्ही रोझीनकडे पाहिलं. तिने मफलर परत गुंडाळला.

"राहू दे," ती म्हणाली. "त्या रात्रीपासून आहे."