पुडीचे चार कोपरे

दोन रेषा आल्या तर सापडलं नाही, एकच आली तर सापडलं. आमच्या तपासणीच्या पट्टीवर हे असं उलटं आहे आणि नवा माणूस हटकून इथेच चुकतो. एक रेष बघून खूश होतो. काचेवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय, तरी रोज एखादा शहाणा विचारतोच.

आमचं केंद्र म्हणजे रस्त्याला लागून एक खोली. काउंटरवर काच आणि काचेखाली हात जाईल एवढी फट. लोक रस्त्यावर घेतलेली नशेची पावडर आणतात, मी ती तपासते. नाव विचारत नाही, उपदेश करत नाही. विकणारे मेले त्यात काय काय कालवतात ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण सगळ्यात वाईट फेंटॅनिल, ऑपरेशनच्या वेळी देतात ते जबर वेदनाशामक; आमची पट्टी तेच शोधते. मिठाच्या चार कणांएवढं जरी जास्त झालं तरी माणूस श्वास घ्यायचंच विसरतो. आणि ते सारखं मिसळलेलं नसतं. न मोडलेल्या पिठाच्या गुठळीसारखं एका कोपऱ्यात बसून असतं. म्हणून नियम असा, की अख्खी पुडी पाण्यात विरघळवायची आणि मगच पट्टी बुडवायची.

हा नियम मी नऊ वर्षांत एकदाच मोडला. धाकट्यासाठी.

धाकटा म्हणजे माझा भाऊ, वेल्डर. खांदा दुखतो म्हणून गोळ्या सुरू झाल्या, गोळ्या बंद झाल्या तेव्हा पावडर आली. आता फक्त सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी घेतो, असं तो म्हणायचा. सोमवारी सकाळी आला.

"ताई, पटकन बघ. कामावर जायचंय."

"अख्खी दे."

"अख्खी पाण्यात घातलीस तर मला काय उरेल, कप्पाळ?"

पुडी वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याच्या कागदात बांधलेली होती. त्यानं एक कोपरा चिमूटभर पावडरीसकट फाडला आणि फटीतून आत सरकवला. दोन रेषा आल्या. "ठीक दिसतंय," मी म्हणाले. "पण एकटा असताना घेऊ नकोस." तो हसला. मी कागदाचा तुकडा वहीत चिकटवला. प्रत्येक नमुन्याचा चिकटवते, सवयच आहे.

मंगळवारी दुपारी बारा वाजता मफलर गुंडाळलेला एक माणूस आला. बसला नाही. फटीतून एक तुकडा सरकवला आणि म्हणाला, "हा कोपरा बघा."

दोन रेषा. थंडीचे दिवस होते, बोलणाऱ्याची वाफ काचेवर धरत होती. मी समोरच्याचे श्वास मोजते, कारण धोका आधी तिथे दिसतो. धडधाकट माणसाचे मिनिटाला बारा तरी असतात. याचे आठ.

"बरं वाटत नाहीये का? बसा की."

"माझं राहू द्या," तो म्हणाला आणि गेला.

बुधवारी पुन्हा बारा वाजता आला. "हा कोपरा." दोन रेषा. श्वास पाच. एवढ्यावर माणूस उभा राहू शकत नाही, हा मात्र खांबासारखा ताठ. मी खणातून नाकात मारायचा स्प्रे काढला. गेलेला श्वास परत आणतो तो.

"मी ॲम्ब्युलन्स बोलावते."

"बोलवाल," तो म्हणाला. "उद्या."

खरं सांगते, मला भीती वाटली. पण सवयीनं तुकडा वहीत चिकटवला.

गुरुवारी तो बोलला तेव्हा काचेवर वाफ धरलीच नाही.

"हा राहिला होता."

पट्टी बुडवली. एक रेष आली आणि दुसरी येईना. मान वर केली तर समोर कोणी नव्हतं.

चौथा तुकडा वहीत ठेवला तेव्हा कुठे मी चारही एकत्र बघितले. छापील चौकटी एकमेकींना जुळत होत्या. एकाच कागदाचे चार कोपरे. त्यावर हिरव्या शाईनं भरलेली अक्षरं. हिरवी रिफिल धाकटाच वापरतो. शाळेपासून.

स्प्रे उचलला. पळाले.

दोन गल्ल्या, तीन जिने. माझ्याकडे त्याची किल्ली असते.

तो पलंगाला टेकून बसला होता. ओठ निळे.

एक स्प्रे. काही नाही. तोंडानं श्वास दिला. दुसरा स्प्रे.

मग त्याच्या घशातून आवाज आला. मी ॲम्ब्युलन्स बोलावली आणि ती येईपर्यंत रडत रडत मोजत राहिले.

स्टुलावर त्याची पुडी उघडी पडली होती. कागदाचे चारही कोपरे फाटलेले. तो शुद्धीवर आल्यावर मी विचारलं तर म्हणाला, "मी एकच फाडला होता गं. तुझ्यासमोर."

तो वाचला. पुन्हा घेणार नाही अशी माझ्या गळ्याची शपथ घेतली. शपथांवर माझा विश्वास नाही, मोजण्यावर आहे.

कारण तो घरी आला त्या दिवसापासून काउंटरच्या काचेवर बाहेरून वाफ धरू लागली. समोर कोणी नसताना. तळहाताएवढी, तोंडाच्या उंचीवर. यायची, विरायची. मी घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला चौदा. धाकट्याला फोन करून त्याचा श्वास ऐकत मोजला. चौदा. "ताई, तुला वेड लागलंय," तो म्हणाला. लागलं असेल. झाडू-पोछा करणाऱ्या मावशी रोज कुरकुरतात, "ही काच मेली पुसून पुसून हात मोडले माझे."

आज गुरुवार. सकाळपासून गर्दी होती, मान वर करायला फुरसत नव्हती. बाराच्या सुमाराला समोर पाहिलं. काच लख्ख होती. मी पर्समधून त्याची किल्ली काढली आणि मगच विचारलं, "मावशी, आज काच कधी पुसलीत?"

"नाही पुसली हो ताई," मावशी म्हणाल्या. "आज पुसायला काही नव्हतंच."