डावीकडची जागा

या, असे पुढे सरका, मंडळी. टाळ मांडीवर ठेवा. बुवा घसा शेकायला चहा घेताहेत, तेवढ्यात आमच्या चिखले गावच्या चिमणची गोष्ट सांगतो. कीर्तनातल्या आख्यानात शेवटी देव धावून येतो. इथे आला की नाही, ते तुम्हीच ठरवा.

चिमण होड्यांच्या इंजिनांचा मिस्त्री. नुसत्या आवाजावरून कुठला नट ढिला ते सांगणारा, नवससायासांना हसणारा. त्याच्याकडे एकतीस वर्षं एक लाल गाडी आहे. जुनी विलायती शर्यतीची गाडी, टप उघडा, बसायला माणसं दोनच. आपल्या खाऱ्या वाऱ्यात पत्रा बघता बघता सडतो, पण चिमणने तिला होडीसारखी पाळली. दर पावसाळ्याआधी खालून माशाचं तेल चोपडायचा. गाडी अजून आरशासारखी. वास मात्र सुकत घातलेल्या बोंबलांचा.

मुळात ती कोसबाडच्या एका वाडीवाल्याची. चिमणचा धाकटा भाऊ, धाकल्या, तिथे चिकू उतरवायला जायचा आणि काम सोडून गाडीकडे बघत राहायचा. "दादा, एकदा तरी बसेन मी हिच्यात." मग एका वादळात धाकल्या होडीवरून गेला. देहही हाती लागला नाही.

आता आमच्या आळीची रीत ऐका. समुद्राने ठेवून घेतलेल्या माणसाची होडीतली बसायची फळी पुढच्या नारळी पुनवेपर्यंत रिकामी ठेवायची. पुनवेला त्याच्या नावाचा नारळ पाण्यात सोडून म्हणायचं, "तुझी जागा मोकळी झाली रे, बाबा." पण चिमणला तेवढा धीर निघाला नाही. होडीत पाय टाकवेना. वाडीवाला देश सोडून चालला होता. चिमणने घरची होडी विकली, गाडी घेतली, आणि घरी आणताना डावी सीट थोपटून म्हणाला, "धाकल्या, बस. ही जागा तुझी."

मायेनेच म्हणाला हो. पण जागा मोकळी करायची राहिली ती राहिलीच.

बायको जमना त्या सीटवर कधी बसली नाही. चिमणने कुणाला बसूही दिलं नाही. बऱ्याच वर्षांनी डहाणूचा सीटवाला कव्हर बदलायला आला.

"चिमणभाई, तुमच्या बाजूच्या स्प्रिंगा अजून टिकून आहेत. डावीकडे कोण जाडा बसवता? पार बसल्यात."

"कुणी नाही बसत."

"हा, म्हणजे वहिनींना सांगायचं नाही," सीटवाला डोळा मारून म्हणाला.

चिमणने स्प्रिंगा बदलल्या. त्या पुन्हा बसल्या. मग गाडीच डावीकडे कलायला लागली. त्याने पाटे बदलले, चाकांची हवा तपासली, अंगणात गवंड्याची पाणसळ लावून बघितली. अंगण सरळ. गाडी डावीकडे दोन बोटं खाली.

अशात त्याच्या लेकीचं, हर्षदाचं, लग्न उधव्याच्या तुषारशी ठरलं. पोरीचा लहानपणापासूनचा हट्ट, सासरी जाईन तर लाल गाडीतून.

"ती जागा दिलेली आहे," जमना म्हणाली. "माझी पोर तिथे बसणार नाही."

"अगं, मोकळी करतो ना आता."

चिमण नारळ घेऊन किनाऱ्यावर गेला. ओहोटी लागली होती. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्याने नारळ सोडला, म्हणायचं ते म्हटलं. पाणी मागे जात होतं. नारळ मात्र पुढे आला आणि त्याच्या पोटाला लागून थांबला. त्याने पुन्हा सोडला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आल्यावर चिमण "वारा आहे" असं मोठ्याने म्हणाला आणि घरी येऊन गाडी मोजली.

दोन बोटं.

पाठवणीच्या वेळी तो काही बोलायच्या आत हर्षदा दार उघडून बसलीसुद्धा. जमना पुढे धावली, पण बायकांच्या घोळक्यात अडकली. चिमणला "उतर" म्हणवेना. चारचौघांत कारण काय सांगणार?

"वा, सासऱ्यांच्या गाडीत जावयालाच जागा नाही!" तुषार हसत मागच्या जीपमध्ये चढला.

तलासरी येईपर्यंत हर्षदा बडबडत होती. मग दाराकडे सरकली. अजून सरकली.

"बाबा, थोडं तिकडे घ्या ना."

"काय घेऊ, बाळा?"

दुपार कोरडी ठणठणीत होती. तिच्या शालूची उजवी बाजू खांद्यापासून ओली झाली होती.

उधव्याला ती उतरली. चिमणने वाकून बघितलं.

गाडी सरळ.

त्याने तिथेच हात जोडले. सुटलो, असं वाटलं त्याला.

पाचव्या दिवशी तो लेकीला माहेरपणाला आणायला गेला. ती आली नाही. पुढच्या महिन्यातही नाही.

तेव्हापासून तो रोज सकाळी डावी सीट थोपटतो. "धाकल्या, ये रे. चुकलो मी. गाडी तुझी, सगळी तुझी." पुन्हा नव्या घातलेल्या स्प्रिंगा ताठ राहतात. दर गुरुवारी तो उधव्याला जातो, लेकीच्या दारात डावं दार उघडून थांबतो.

कुणी बसत नाही.

परवाही तो तसाच उभा होता. हर्षदा पडवीतल्या झोपाळ्यावर बसली होती, रुंद फळीच्या अगदी टोकाला, अंग चोरून. बाकीची फळी रिकामी.

झोपाळा कललेला नव्हता.

बुवा उठले वाटतं. मंडळी, आरतीला हात जोडाल तेव्हा आमच्या हर्षदाची आठवण ठेवा. तिचं एकटीचंच नाव घ्या.