गोजराआत्याची घंटी

दुकानदाराने काउंटरवर अडचणीत मदत बोलवायच्या तीन वस्तू मांडल्या होत्या. गळ्यात घालायचं बटण, मनगटी पट्टा आणि भिंतीवरची भली मोठी घंटी. ज्योत्स्ना आळीपाळीने बघत होती. तेवढ्यात शेजारी वायर घेत उभा असलेला तरुण म्हणाला,

"घंटी वाजेल हो... पण ऐकणार कोण?"

न विचारता बोलणारा, वर दिसायला बरा. ज्योत्स्नाला संशय यायला तेवढं पुरेसं होतं.

पण मुद्दा खरा होता. तिची गोजराआत्या मखमलाबादच्या मळ्यात एकटीच राहायची, झेंडू-शेवंती लावायची. मध्यंतरी पाटात घसरून पडली आणि दुपारपर्यंत तशीच पडून राहिली. मोबाइल दिला होता, तो पिठाच्या डब्यात! तेव्हापासून भाऊ जयरामने धोशा लावला होता, मळा विकू, आत्याला नाशिकरोडच्या फ्लॅटमध्ये आणू. आई गेल्यावर आत्यानेच ज्योत्स्नाला वाढवलं होतं. मळ्याबाहेर ती जगायची नाही, हे ज्योत्स्नाला पक्कं ठाऊक होतं. पण आत्या पुन्हा अशी पडली असती, तर जयरामने कुणाचंच ऐकलं नसतं.

हा तरुण म्हणजे समाधान. अंबडच्या कारखान्यांना लागणारी सर्किटं घरी बसून जोडायचा आणि राहायचा नेमका आत्याच्या शेजारच्या मळ्यात. बटण मी बनवतो, घंटी माझ्या खोलीत लावतो, म्हणाला. नेमका शेजारीच कसा? तेव्हा मखमलाबादेत प्लॉट पाडणाऱ्यांचा नुसता सुळसुळाट होता. म्हाताऱ्या माणसाशी गोड बोलणारा प्रत्येक जण ज्योत्स्नाला एजंट वाटायचा. ती हो म्हणाली खरी, पण डोळ्यांत तेल घालून.

आत्याने पहिल्याच दिवशी बटण भिरकावलं. "गळ्यात बांधाया मी काय गाय हाय?"

मग समाधानने ते तिच्या कमरेच्या चंचीत, पान-तंबाखूच्या पिशवीत शिवून दिलं. चंची आत्या झोपेतही सोडत नसे. ज्योत्स्नाला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही.

पुढे दर रविवारी ज्योत्स्ना मळ्यात जाऊन बघते तर हा हजर! धापा टाकत यायचा, "सहज आलो," म्हणायचा, फुलांची टोपली उचलून द्यायचा, निघायचा. एका रविवारी तर विहिरीपासून बांधापर्यंत लांब लांब पावलं टाकत चालला होता. मोजणीच की ही! ज्योत्स्नाचं डोकं फिरलं. त्यातून हल्ली मळ्यात येताना आपण कानातलं बदलून येतो, हे आठवून ती आणखीच पेटली.

"कोणासाठी मोजताय जमीन?"

तो गोरामोरा झाला. "जमीन नाही... इतक्या लांबून घंटी वाजते का, ते बघतोय."

"आणि सारखे इथे कशाला असता?"

तेवढ्यात बांधावर बसलेल्या आत्याने चंची उघडली, चुन्याची डबी चाचपली... आणि पलीकडच्या मळ्यात समाधानच्या खोलीत घंटी घणघणली. आत्याला जरा कमीच ऐकू यायचं, ती निवांत तंबाखू मळत राहिली.

ज्योत्स्ना बघतच राहिली. आत्या दिवसातून कितीदा तंबाखू खायची!

"बटण फार हलकं बसवलं मी. चूक माझीच," समाधान म्हणाला. "त्यांना सांगितलं असतं, तर त्यांनी तंबाखू ठेवली असती आणि बटण टाकलं असतं."

"पण तंबाखूच असणार, हे माहीत असून धावत येता?"

"एकदा बसून राहिलो... आणि नेमक्या तेव्हाच पडल्या असल्या तर?"

ज्याला चोर ठरवलं, त्याने आत्याला एकदाही एकटं पडू दिलं नव्हतं. जयरामला आजच सांगायचं, आत्या कुठेही जाणार नाही, असं तिने ठरवून टाकलं.

"उद्या घट्ट बटण बसवतो," तो खाली बघत म्हणाला. "मग उगाच वाजणार नाही... मलाही सारखं यायचं कारण उरणार नाही."

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"असं कसं? माझा संशय अजून फिटलेला नाही," ती म्हणाली. "फिटेपर्यंत यावं लागेल."

त्याने मान वर केली. "किती दिवस लागतील?"

"मी फार संशयी आहे हो..." तिला आता हसू आवरेना. "जन्मभर फिटायचा नाही."