रांगेतला हुंकार

दिवा जरा इकडं सरकवा. एकमेकांची तोंडं दिसू द्या. ही गोष्ट तोंड बघूनच सांगायची आहे, पाठ करून बसू नका कुणी.

तर त्या दिवशी भडक्या रांगेचा दोर बांधत होता. रोजचंच काम. फिरता मेळा नव्या मैदानात उतरला होता. थंडीचे दिवस, ऊन कलतं न कलतं तोच जमिनीलगत धुकं धरायचं. मैदानाच्या कडेला, पाळण्यापासून लांब, भूतबंगला उभा केला होता. भूतबंगला म्हणजे काय, पत्र्याचं खोकं. पुढं एक लाकडी दार, आत रुळावर चालणारा डबा, पुठ्ठ्याचे सांगाडे, आणि एका पेटीत बसलेली भडक्याची बायको. डबा जवळ आला की ती झाकण उघडून अशी किंचाळायची की भल्याभल्यांचं पाणी पाणी व्हायचं.

डबा एकच. एक खेप आत गेली की बाकीचे बाहेर ताटकळत उभे. आणि ताटकळलेलं गिऱ्हाईक म्हणजे चुलीवरचं दूध. नजर हटली की उतू जाऊन मोकळं. ते उतू जाऊ द्यायचं नाही, हे भडक्याचं काम. दारापाशी स्टुलावर उभं राहायचं आणि रांग बोलून धरून ठेवायची. टोमणे मारायचे, हसवायचं, आणि मधेच आवाज खाली आणून अंगावर काटा आणायचा. "भूत आत नसतंय," तो म्हणायचा, "आत पुठ्ठा आहे. भूत रांगेत शिजवायचं असतं. आत गेल्यावर नुसतं वाढायचं."

आता त्याला भडक्या का म्हणत, ते सांगायला नको. काडी लावायचीही गरज नव्हती. गिऱ्हाईकाशी गोड, बाकी सगळ्या जगाशी वाकडा.

त्याची एक गोष्ट ठरलेली होती. एक माणूस दिवेलागणीला आपल्या घरी येतो. दार वाजवतो. इथं भडक्या हात मागं नेऊन भूतबंगल्याच्याच दारावर टकटक करायचा. आतनं आवाज येतो, "कोण?" हा म्हणतो, "मी." आत जरा वेळ सगळं गप्प. मग आतला आवाज म्हणतो, "तो तर मघाशीच आलाय."

बस्स. इथून पुढं भडक्या रोज नवं रचायचा. तो माणूस खिडकीशी जातो, शेजाऱ्याला उठवतो, परत येऊन दार वाजवतो. शेवट नव्हताच. लागतच नव्हता ना! शेवटाची वेळ येईपर्यंत ऐकणारे आत गेलेले असायचे. ते दार उघडल्यावर काय होतं, हे खुद्द भडक्यालाही ठाऊक नव्हतं.

आणि गोष्टीला हुंकार लागतो. समोरून कुणी "हं... मग?" म्हटलं नाही तर सांगणाऱ्याची जीभ वाळते. म्हणून मेळ्यावाले आपलाच एक माणूस गिऱ्हाईक बनवून रांगेत उभा करतात. त्याला हुंकाऱ्या म्हणायचं. त्यानं जागेवर "मग?" म्हणायचं, जागेवर दचकायचं. एक दचकला की सगळे दचकतात. त्याचा नियम एकच, पण कडक. हुंकाऱ्याशी मेळ्यातल्या कुणीही ओळख दाखवायची नाही. बोलायचं नाही, नाव विचारायचं नाही. रांगेला कळलं की खेळ खलास.

याच नियमानं सगळा घोळ केला.

भडक्याचा जुना हुंकाऱ्या त्याच्या शिव्यांना कंटाळून मागच्याच मुक्कामाला पळून गेला होता. मालक म्हणाला होता, "बघतो दुसरा." आणि या मैदानातल्या पहिल्याच संध्याकाळी रांगेच्या टोकाला एक नवा माणूस दिसला. गळ्यापर्यंत बटणं लावलेला जाड कोट. एक हात दोरावर. मागून कुणी आलं की तो बाजूला होऊन त्याला पुढं घ्यायचा, आणि स्वतः पुन्हा शेवटचा. रांग संपली, दार बंद झालं, तरी आत गेला नाही. भडक्यानं ओळखलं, हाच हुंकाऱ्या. हाच मालकानं पाठवलेला.

पण हा गडी तोंडच उघडेना! हुंकार नाही, हसणं नाही, दचकणं तर लांबच. नुसता बघायचा.

"आतल्या पुठ्ठ्याला तरी जीव आहे त्याच्यापेक्षा," भडक्या रात्री जेवताना बायकोवर ओरडला. "ठोंब्या! फुकट उभा राहतो."

"माझ्यावर कशाला तडकताय? त्यालाच विचारा की."

"नियम आहे."

"मग मालकाला विचारा."

"मालकाच्या पाया पडू? आधीच त्याचा जावई माझ्या मुळावर उठलाय. हा ठोंब्याही त्याचाच हेर असणार, लिहून ठेव."

जावयाचं तेवढं खरं होतं. मालकाचा जावई शहरातून आला होता आणि येताना मोठे भोंगे घेऊन आला होता. त्यात आधीच भरून ठेवलेलं हसणं, किंचाळणं, ढगांचा गडगडाट. बटण दाबलं की सुरू.

"सासरेबुवा, याला शिव्या देता येत नाहीत, याला राग येत नाही, आणि याला जेवायला लागत नाही," जावई भडक्यासमोरच म्हणाला.

"आणि याला अक्कलही नाही," भडक्या म्हणाला. "म्हणजे भोंग्याला म्हणतोय मी."

मालकाला हसू आलं, पण दाबलं त्यानं. जावई शेवटी जावई. "उद्या सुट्टीचा दिवस," तो म्हणाला. "गर्दी होईल. भोंगाही लावू, तूही उभा राहा. रांग ज्याच्यावर टिकेल तो राहील. तुटली, तर भडक्या, तू दुसरं काहीतरी बघ. बायको राहू दे, तिच्यासारखं किंचाळणारं मिळत नाही."

म्हणजे बायको मेळ्याबरोबर गावोगाव जाणार आणि हा मागं राहणार. दुसऱ्या दिवशी दुपारभर भडक्या जावयाशी भांडला. इतका भांडला की संध्याकाळपर्यंत घसा बसला. आवाज म्हणजे फुटक्या नळीतली हवा.

"झालं समाधान?" बायको त्याला गरम पाणी देत म्हणाली. "सगळा दारूगोळा जावयावर उडवला. आता रांगेपुढं काय वाजवणार, टाळ्या?"

तो पाणी प्यायला. मग आणखी मागितलं.

संध्याकाळी गर्दी लोटली. रांग दोरांच्या वळणांतून नेमबाजीच्या दुकानापर्यंत गेली. भोंगे सुरू झाले. हा: हा: हा:, मग गडगडाट, मग किंचाळी. पुन्हा हा: हा: हा:. पहिल्यांदा लोक दचकले. दुसऱ्यांदा हसले. तिसऱ्यांदा एका बाईनं कानात बोटं घातली. पोरं रडायला लागली. भडक्या स्टुलावर उभा राहून तोंड हलवत होता, पण भोंग्यापुढं त्याचं कोण ऐकणार?

मग दिवे गेले.

जनरेटरनं एक उचकी दिली आणि मेळा मेला. पाळणा वरच्या वर थांबला. डबा आत अडकला. भोंग्यातलं हसणं लांबत लांबत, जाड होत होत, बसलं. सगळीकडं काळोख. धुकं गुडघ्यापर्यंत आलं. डिझेलचा वास हळूहळू विरला आणि त्याच्या खालून दुसराच वास वर आला. डांबराच्या गोळ्यांचा. वर्षानुवर्षं न उघडलेल्या ट्रंकेतल्या कपड्यांना येतो ना, तसा.

"चला रे, काय उभं राहायचं इथं," कुणीतरी म्हणालं. दोराखालून एकजण वाकून निघाला. त्याच्यामागं दुसरा. दूध उतू चाललं होतं.

"करा ना काहीतरी!" जावई अंधारात बटणं बडवत होता.

भडक्यानं कंदील पेटवला, स्टुलावर ठेवला आणि स्वतः खाली उतरून रांगेच्या तोंडाशी उभा राहिला. ओरडता येत नव्हतं. मग तो कुजबुजला.

"एक माणूस... दिवेलागणीला आपल्या घरी आला."

पुढचे दोघं-तिघं वाकले. मागचे म्हणाले, "काय? काय म्हणतोय?" ऐकायला लोक पुढं सरकले. वाकून निघालेला तो पहिला माणूसही दोर हातात धरून थबकला.

"दार वाजवलं. आतनं आवाज आला, कोण? हा म्हणाला, मी. तर आतला आवाज म्हणतो... तो तर मघाशीच आलाय."

भडक्या थांबला. इथं हुंकार हवा होता. नाही आला तर सगळं गेलं. रांग गप्प. कंदिलाची वात तडतडली. आणि मग अगदी मागून, रांगेच्या टोकाकडून, कुणीतरी हळूच विचारलं,

"मग?"

आवाज मोठा नव्हता. पण रांगेतल्या प्रत्येकाला तो आपल्या मानेवर ऐकू आला. एकाच वेळी सगळ्यांनी खांदे आवळले. एक बाई किंचाळली, तिच्या पाठोपाठ दहा, आणि मग सगळी रांग भीतीनं आणि आनंदानं खदखदून हसली. 'शाब्बास ठोंब्या!' भडक्या मनात म्हणाला. 'आज उघडलंस तोंड!'

मग काय, भडक्याला पंख फुटले. बसक्या आवाजात त्यानं त्या माणसाला घराभोवती फिरवलं. खिडकीतून आत बघायला लावलं. आत त्याच्याच जागेवर, त्याच्याच ताटावर कुणीतरी पाठमोरं जेवत होतं.

"मग?"

आता आवाज जरा जवळून आला. कुणी मागं वळून बघेना. दोराखालून गेलेले परत आले, आणि रांगेत नसलेलेही येऊन चिकटले. पाळण्यात वर अडकलेली माणसं खाली वाकून म्हणाली, "अहो, जरा मोठ्यानं!" खालच्यांनी त्यांनाच गप्प केलं. दोर ज्याच्या ज्याच्या हाताला लागत होता त्याला तो ओला लागत होता. पण एकानंही जागा सोडली नाही.

दिवे आले तेव्हा लोकांनी चक्क शिव्या घातल्या. भूतबंगल्याचं दार उघडलं, अडकलेला डबा बाहेर आला, तरी कुणी आत जाईना. "आधी गोष्ट पुरी करा!" मालकानं गर्दी फोडत येऊन भडक्याला मिठी मारली. जावई भोंग्याच्या वायरी गुंडाळत होता. भडक्यानं त्याच्याकडं असं बघितलं, असं बघितलं की सांगता सोय नाही. जिंकलेला बैल शिंगावर माती घेऊन बघतो, तसं.

"पण मालक," तो म्हणाला, "माणूस झकास धाडलात. चार दिवस मुका होता, आज वेळेला कामी आला."

"कुठला माणूस?"

"हुंकाऱ्या. कोटवाला."

मालकानं मिठी सोडली. "मी अजून कुणालाच धाडलं नाही रे. मला वाटलं, तूच कुणीतरी शोधलास. मी पण रोज बघतोय त्याला... नियम म्हणून बोललो नाही."

दोघांनी जावयाकडं बघितलं. जावई म्हणाला, "मला काय बघताय? मला तर तो तुमचा जुना नोकर वाटला."

रांगेच्या टोकाला कुणी नव्हतं. नुसता दोर हलत होता.

दुसरा कुणी असता तर बोचकं बांधून पळाला असता. भडक्या रात्रभर पडून विचार करत राहिला, आणि पहाटे एकटाच हसायला लागला. बायको दचकून उठली.

"काय झालं?"

"अगं, मालकानं सांगाड्यांना रंग दिला, डब्याला चाकं लावली, जावयानं भोंगे आणले. आणि खरं भूत आलं ते कुणासाठी? आत नाही गेलं एकदाही. बाहेर उभं राहून माझ्या गप्पा ऐकतंय! आहे कुणाची छाती?"

"छाती राहू द्या. त्याला काय पाहिजे?"

"शेवट पाहिजे असेल. सगळे आत जातात, हा एकटाच पहिल्यापासून ऐकतोय."

"मग सांगून टाका की. सुटेल बिचारा."

भडक्या हसायचा थांबला. मग म्हणाला, "शेवटाला दार उघडतं गं. आणि दाराच्या आत तू बसलेली असतेस."

तेव्हापासून भडक्याला हात लावायची कुणाची हिंमत नाही. मेळ्यात सगळ्यात लांब रांग भूतबंगल्याची. माणसं आत जायला म्हणून येतच नाहीत, रांगेत उभं राहायला येतात. आत गेलेली परत येऊन मागं उभी राहतात. भोंग्यांवर बायको कपडे वाळत घालते. मैदानं बदलली, कोटवाला बदलला नाही. रोज येतो. वेळेवर "मग?" म्हणतो. रोज रांग फुटते हसून आणि भिऊन, आणि भडक्याची छाती वीतभर फुगते.

फक्त आता तो शेवटचा उभा राहत नाही. रोज एका माणसानं पुढं असतो. भडक्यानं बघितलंय, बोलला मात्र नाही कुणाला.

काल तो सगळ्यात पुढं होता. कंदिलाच्या उजेडात, स्टुलाला लागून. तो डांबराच्या गोळ्यांचा वास. बायकोच्या अंगात कणकण होती म्हणून भडक्यानं तिला पेटीत बसू दिलं नव्हतं. ती शाल पांघरून त्याच्या शेजारीच उभी होती, हातात चहाचा कप. डबा बंद, आत काळोख, दाराला बाहेरून कडी. भडक्यानं गोष्ट सुरू केली. तो माणूस घरी आला. भडक्यानं रोजच्यासारखं हात मागं नेऊन बोटांनी लाकडी दार वाजवलं. टक. टक.

रांग श्वास धरून उभी.

आणि भडक्यानं तोंड उघडायच्या आधीच, दाराच्या आतून कुणीतरी विचारलं,

"कोण?"

रांग आनंदानं किंचाळली. टाळ्या पडल्या. एवढ्या टाळ्या कधीच पडल्या नव्हत्या. बायको शेजारीच उभी होती, आणि तिचं तोंड मिटलेलं होतं.

भडक्यानं समोर बघितलं. दोरावरचा कोटवाल्याचा हात हळूहळू सुटत होता, घरी पोचलेल्या माणसाचा सुटावा तसा.