गळती शून्य

उर्वशीचं काम तसं जगावेगळं नव्हतं. चंद्रपुरात दवाखान्यांना सामान पुरवणाऱ्या एका दुकानात ती होती आणि झोपेत ज्यांचा श्वास अडकतो अशा लोकांच्या चेहऱ्यावर मास्क बसवून देणं ही तिची नोकरी. घोरणारा माणूस आपल्याला गमतीचा वाटतो. पण त्यातल्या कितीकांचा घसा झोपेत मिटतो, श्वास थांबतो, जीव घाबरा झाला की खाडकन पुन्हा सुरू होतो. एका झोपेत दोनदोनशे वेळा. अशांसाठी हवेची मशीन येते. नळीतून दाबानं हवा सोडते आणि घसा उघडा ठेवते. मशीन काय, कोणीही विकतं, मास्क बसवायला मात्र हात लागतो, असं उर्वशी म्हणायची आणि जरा तोऱ्यातच म्हणायची.

धनराज तिच्याकडे आला तो आईला घेऊन. गडचांदूरच्या बाजूला एका चुनखडीच्या खाणीवर डंपर चालवणारा पस्तिशीचा गडी, आखूड मानेचा, झुपकेदार मिशीचा. चालत्या डंपरवर त्याचा डोळा लागला आणि चाक खाणीच्या काठापासून वीतभर अंतरावर थांबलं. कंपनीच्या डॉक्टरनं त्याच्याकडून डंपर काढून घेतला, रात्रपाळीला वजनकाट्यावर बसवलं आणि सांगितलं की महिनाभर मशीन लावून झोप, रेकॉर्ड दाखव, मग बघू.

"डंपर गेला त गेला मॅडम," धनराज म्हणाला, "पण माहे बाबा असेच गेले. झोपेत. घोरता घोरता. मले तसं नाई मरायचं."

त्याची आई, आशाबाई, बाजूच्या खुर्चीवर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

उर्वशीनं तीन मास्क काढले. नाकपुड्यांत बसणाऱ्यानं त्याला गुदगुल्या व्हायच्या. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क त्यानं अर्ध्या मिनिटात ओरबाडून काढला, म्हणे विहिरीत बुडाल्यावानी होते. उरला तो फक्त नाकावर बसणारा. मिशीच्या कडेनं थोडी हवा सुटत होती, मिनिटाला चार-पाच लिटर. तेवढी गळती चालते. उर्वशीनं तोच दिला.

आठवड्यानं त्याचा फोन आला. "मॅडम, झोपेत तोंड उघडं पडते. नाकातून घेतलेली हवा तोंडातून फर्र करून निंगून जाते. उठलो का जीभ लाकूड."

हे तर नेहमीचं दुखणं. तोंड उघडलं की दाब गेला, दाब गेला की घसा मिटला. त्यावर हनुवटीला बांधायची पट्टी मिळते, पण दुकानात ती संपली होती. "आठ दिवस लागतील," उर्वशी म्हणाली. "तोवर घरचीच एखादी मऊ पट्टी बांधा. हनुवटीखालून वर घ्या आणि डोक्यावर गाठ मारा." एवढं सांगून तिनं फोन ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. पुढं कितीतरी दिवस तिला आपलं हे वाक्य आठवत राहिलं.

त्या मशीनमध्ये सिमकार्ड असतं. माणूस किती वाजता झोपला, किती वेळा श्वास थांबला, किती हवा गळाली, सगळं सकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरवर दिसतं. दुसऱ्याच दिवशी धनराजची गळती उतरली. उर्वशी खूश झाली. तिसऱ्या दिवशी मात्र पडद्यावर दोन झोपा दिसल्या.

एक सकाळी नऊ ते तीन. ती धनराजची, रात्रपाळीहून आल्यावरची. दुसरी रात्री साडेनऊ ते पहाटे पाच, म्हणजे धनराज काट्यावर असतानाची. त्या दुसऱ्या झोपेत श्वास मिनिटाला अकरा, एकदाही न अडकलेला. मध्ये फक्त दोन खंड, एक वाजून दहा मिनिटांनी आणि चार वाजून पाच मिनिटांनी. आणि गळती शून्य.

मशीन चुकून सुरू राहिली आणि मास्क नुसताच पडलेला असला, तर हवा भसाभस वाहते आणि गळतीचा आकडा आभाळाला टेकतो. शून्य याचा अर्थ मास्क कोणाच्या तरी चेहऱ्यावर घट्ट बसलेला आहे. आणि खरं सांगायचं तर जिवंत माणसाचंही शून्य येत नाही. तो कूस बदलतो, गाल हलतो, थोडी तरी हवा सुटतेच. नुसतं कोरं शून्य उर्वशीनं सात वर्षांत पाहिलं नव्हतं.

रोज तेच यायला लागलं. तेच अकरा श्वास, तेच दोन खंड. आणि दिवसाच्या झोपेत धनराजचे श्वास मास्क असूनही जास्तच अडकू लागले; तासाला वीस, मग तीस, मग चाळीस. उर्वशीनं फोन करून विचारलं, तुमची मशीन रात्री कोण लावतं?

"कोणी नाई," धनराज म्हणाला. त्याचा आवाज खोल गेला होता. "घरी फक्त आई. मॅडम, मले झोपाची भीती वाटून राह्यली."

दुसऱ्या दिवशी ती धनराजच्या गावाला निघाली. मे महिना होता. चंद्रपूरचं ऊन काय असतं हे चंद्रपूरच्यालाच ठाऊक. बारा वाजता कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही. बसमधून उतरून ती गावात शिरली तेव्हा एक माणूस दिसला नाही. खाणीची पांढरी धूळ कौलांवर, पडवीच्या खाटांवर, कडुनिंबाच्या पानांवर बसलेली. सगळीकडे दारं लावलेली. कुठंतरी एक कूलर घरघरत होता, त्या आवाजाच्या मागं ती गेली आणि घर सापडलं.

आशाबाईनं पाणी दिलं आणि बोटानं आतल्या खोलीकडे दाखवलं. "निजला आहे. हळू या."

आत अंधार होता. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास सुटला होता आणि त्याच्या खाली आणखी एक वास होता, कापूर आणि बुक्क्याचा. दोन खाटा. एकीवर गुंडाळलेली गादी, तिच्यावर घडी घातलेलं धोतर. दुसरीवर धनराज उताणा. नाकावर मास्क, नळी उशाशी, आणि हनुवटीखालून निघून डोक्यावर बांधलेली पांढरी पट्टी. गाठ नेमकी टाळूवर, दोन टोकं उभी. अशी गाठ उर्वशीनं आधी पाहिली होती. तिच्या आजोबांना तिरडीवर ठेवलं होतं तेव्हा.

"आशाबाई... ही पट्टी कुठची?"

"तुमीच सांगतलं ना बाई, मऊ पाह्यजे म्हणून." म्हातारीनं पदर तोंडाशी नेला. "गावात कोणी गेलं का मलेच बलावतात. आंग धुवाले, तोंड बांधाले. माह्या हाताले हेच बांधणं येते. हे गेले तवा तोंड उघडंच होतं त्यांचं, मिटतच नवतं. मीच बांधलं. आगी द्याच्या आधी गाठ सोडा लागते, म्हणून घरून नेताना मी सोडली. बाकीच्यांची पट्टी सरणावर जाते. ही मले नाई टाकवली... पेटीत ठेवली. बापाची हाये, लेकाले काऊन बाधन, असं वाटलं मले."

उर्वशी काही बोलणार तोच तिचं लक्ष आवाजाकडे गेलं. मास्कमधून श्वासाचा आवाज येत होता, संथ, एका लयीत. हवा आत, हवा बाहेर. पण धनराजची छाती हलत नव्हती.

तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला. दहा मोजले. वीस. तीस. छाती दगडासारखी, ओठ निळसर, आणि मास्कमधला श्वास मात्र खुशाल चाललेला. मग तिच्या ध्यानात आलं की तो आवाज मास्कमधून नाही. तो पाठीमागून येतोय, गुंडाळलेल्या गादीकडून.

तिनं मागं पाहिलं नाही. पाहवलंच नाही. पट्टीच्या गाठीला हात घातला, गाठ सुटेना. नखं मोडली तरी सुटेना. "सोडा... आशाबाई, तुम्ही सोडा..."

आशाबाई पुढं आली. तिनं गाठीवर दोन बोटं ठेवली आणि रिकाम्या खाटेकडे बघत, नवऱ्याशी बोलावं तशा दबल्या आवाजात म्हणाली, "द्या त्याले. लेकरू आहे तुमचं. द्या आता..."

गाठ सुटली. धनराजचं तोंड भसकन उघडलं आणि कोंडलेली हवा अशा आवाजात बाहेर आली की उर्वशी भिंतीला जाऊन टेकली. त्याच वेळी खाणीवर दोनचा सुरुंग उडाला आणि फळीवरची भांडी थरथरली. धनराज उठून बसला, धापा टाकत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "बाबा होते. म्हणत होते... थोडी मले घेऊ दे."

संध्याकाळी आशाबाईनं पट्टी नदीत सोडली. उर्वशी काठावर उभी राहून पाहत होती. जाण्याआधी तिनं धनराजला नाक-तोंड झाकणारा मोठा मास्क बसवला. तोंड उघडलं तरी चालेल, बांधायची गरजच नाही. या वेळी त्यानं तो ओरबाडला नाही. जीव प्यारा असला की विहीरही चालते.

पुढचा महिना छान गेला. दिवसाची सहा तास झोप, श्वास तासाला दोनदा अडकलेला, मिशीच्या कडेनं पाच लिटर गळती. रात्री मशीन बंद. डॉक्टरनं रेकॉर्ड पाहून डंपर परत दिला. धनराजनं दुकानात पेढे पाठवले. उर्वशीनं खाल्ले आणि आपण त्या दुपारी उन्हानं भांबावलो होतो असं स्वतःला समजावूनही टाकलं.

आणि एका सकाळी पडद्यावर पुन्हा दोन झोपा. रात्री साडेनऊ ते पाच. अकरा श्वास. गळती शून्य.

तिनं आशाबाईला फोन लावला. कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून विचारलं, रात्री मास्क कोण लावतं?

"मीच ठेवतो बाई मास्क," म्हातारी म्हणाली. "त्यांच्या खाटेवर, उशीवर. धनराज ड्यूटीवर गेला का. हे गेले त्या रात्री मी बाजूले झोपली होती... त्यांचा आवाज थांबला, मले वाटलं, चला, आता तरी सुखानं झोपले. कूस बदलून मी झोपून गेली. त्यांले हवा पाह्यजे होती आन मी झोपून गेली." मग म्हणाली, "आता कसे नीट निजतात. दोनदा उठतात फक्त. एकदा एक वाजून गेल्यावर, एकदा चार वाजता. पाणी मांगतात."

उर्वशीच्या समोर पडद्यावर ते दोन खंड होते. तिला रागही आला नाही. म्हातारीची कीव आली, आणि कीव आली हीच चूक झाली. तिनं विचारलं, "धनराजभाऊंची रात्रपाळी कधीपर्यंत?"

"सोमवारपासून पयली पाळी. रात्री घरीच निजन." मग हळूच, "त्यांले सांगून पाह्यलं, आता बस करा म्हणून. आयकत नाई..."

मशीन एक आणि रात्र एक. उर्वशीनं दोन दिवस विचार केला. देव मानला तरी पंचाईत आणि नाही मानला तरी पंचाईत. शेवटी रविवारी दुकानातली जुनी, दाखवण्यापुरती ठेवलेली मशीन पिशवीत घालून ती स्वतः देऊन आली. मास्क कोणता देऊ, असं विचारताना तिचा आवाज आपसूक उतरला.

"नाकाचाच द्या," आशाबाई म्हणाली. "तोंड बंदच असते त्यांचं."

मंगळवारी सकाळी ती दुकान झाडायच्या आधीच कॉम्प्युटरसमोर बसली. आधी जुन्या मशीनची नोंद उघडली. तिच्यावर काहीच नव्हतं, एक मिनिटसुद्धा नाही. कोणी तो मास्क लावलाच नव्हता. तिनं सुटकेचा श्वास घेतला. गेले, एकदाचे गेले, असं ती पुटपुटली.

मग धनराजची उघडली. रात्री साडेनऊ ते पहाटे पाच. श्वास मिनिटाला अकरा, एकदाही न अडकलेला. दोन खंड, एक वाजून दहाला आणि चार वाजून पाचला. त्याची ती झुपकेदार मिशी, ती पाच लिटरची गळती कुठंच नव्हती. तिथं शून्य होतं.

फोन तिसऱ्या वेळी उचलला गेला.

"आशाबाई... धनराजभाऊ उठले का?"

"उठला." म्हातारी कुजबुजत होती. "ड्यूटीवर नाई गेला. ह्यांच्या खाटेवर बसला आहे."

"त्यांना फोन द्या."

"बोलत नाई बाई. तोंडच उघडत नाई त्याचं. पाणी बी खुणेनं मांगून राह्यला. मी नाई बांधलं, देवाची आन, मी काईच नाई बांधलं..." पलीकडे मशीन मंद फुसफुसत होती. "नुसता डोक्यावर हात फिरवून राह्यला कवापासून. टाळूवर. गाठ हुडकल्यावानी."